जड पोतं कोणत्या वारी?

भाऊजी, काल सकाळी मागच्या ओट्यावरचं तुमचं रेतीचं पोतं हलवायला गेले. तेरावं होऊन गेलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, म्हटलं आता ओटा धुऊन काढावा. पदर खोचला, दोन्ही हात लावले, पण पोतं काही हलेना. आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊजी, जरा इकडे या हो, तुमची ही ब्याद उचला." आत सासूबाईंनी ऐकलं. मग पोत्याच्या भोवतीनंच ओटा धुतला.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर तो किती शांत होता, किती समजूतदार होता असं लिहायची पद्धत आहे. तुम्ही समजूतदार होतात, नाही कोण म्हणतंय? पण ज्या वारी कुसुमला पोतं द्यायचंत त्या वारी तुमच्यातला समजूतदारपणा कुठे रजेवर जायचा कोण जाणे. कुसुम माझी मुलगी, तुमची पुतणी. बाहेरच्याला वाटावं की तिच्या पायांची मालकी तुमच्याकडे आणि बाकीची मुलगी माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. तेव्हा मला आधी भांडणच आठवणार. तुम्हीही माझ्याबद्दल लिहायला बसला असतात तर यापेक्षा वेगळं काही लिहिलं नसतंत.

या भांडणाची सुरुवात कुसुम पाळण्यात होती तेव्हाची. आपण ठाण्याला राहत होतो आणि तुम्ही तालमीत जायचात. तुमच्या त्या तालमीची एक गंमत होती. शनिवार मारुतीचा वार, म्हणून शनिवारी संध्याकाळी देवासमोर सगळ्यांनी घाम निघेस्तोवर बैठका मारायच्या, त्याही खांद्यावर जोडीदाराला घेऊन. आणि रविवारी हुतूतूचे सामने असायचे, तिथे सगळ्यांनी मिळून हरून यायचं. रविवारी संध्याकाळी तुम्ही कठडा धरून एकेक पायरी जिना चढायचात आणि मी वरून विचारायची, "काय, आजही का?"

एकदा न राहवून म्हटलं, "अहो भाऊजी, आदल्या दिवशी पाय मोडून घेता आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांवर खेळायला जाता. बैठका मंगळवारी मारल्या तर मारुती रागावेल का?"

"वहिनी, शनिवार म्हणजे शनिवार. वस्तादांचा नियम आहे."

"मग सामने सोमवारी ठेवा."

"सोमवारी लोकांना हापिसं असतात."

"म्हणजे हापिसाला सवड नाही, वस्तादांना सवड नाही, उरले तुमचे गुडघे. त्यांना काय, कोणीही दटावावं."

तुम्ही हसलात, पण पुढच्या शनिवारी वस्तादांसमोर हाच प्रश्न विचारून बसलात. वस्तादांनी तुम्हाला मारुतीसमोर नाक घासायला लावलं आणि वर आणखी बैठका मारायला लावल्या. तुम्ही तालीम सोडलीत. पुढे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात की सामन्याच्या आधी पायांना जड काम देऊ नये, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो. तो अनुभव जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून तुम्हाला प्रश्न विचारत होता, हे मात्र कधी सांगितलं नाहीत.

स्वातंत्र्य मिळालं, त्यानंतर आपण डोंबिवलीला आलो. तुम्हाला कल्याणच्या शाळेत ड्रिल मास्तरची नोकरी लागली आणि कुसुमला मोकळं रान मिळालं. चाळीच्या मागे भातखाचरं होती. ही पोर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उडी मारत हिंडायची, परकर चिखलाने माखवून यायची आणि माझा मार खायची. तुम्ही तिला मार खाताना पाहिलंत, आणि सोडवायचं सोडून विचारलंत, "कुठल्या बांधावरून कुठल्या बांधावर?" मग स्वतः जाऊन ते अंतर पावलांनी मोजून आलात. त्या दिवसापासून माझ्या घरातली शिस्त संपली.

पण एक मान्य करते. तुम्ही घाई केली नाहीत. ती लहान होती तोवर नुसतं धावणं, दोरीवरच्या उड्या, झाडाला लोंबकळणं. शाळेतले दुसरे मास्तर म्हणायचे, आत्तापासून वजन द्या, पाय बनतील. तुम्ही म्हणायचात, हाडं पिकू देत, मग बघू. ती पंधरा-सोळाची झाली तेव्हा कुठे तुम्ही माझ्याकडे तांदळाचं रिकामं पोतं मागितलंत. मी ते दुहेरी शिवून दिलं, खांद्याला टोचू नये म्हणून जुन्या गोधडीची गादी लावून दिली. मग तुम्ही मुंब्र्याकडून रेती आणलीत आणि ती मोजायला माझी तांदळाची पायली उचलून नेलीत. दर थोड्या आठवड्यांनी पोत्यात थोडी रेती वाढायची आणि त्या रात्री माझ्या भातात दाताखाली कचकच यायची. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, तांदूळ निवडून घेत जा गं." मी तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही आमटीकडे.

ते पोतं खांद्यावर घेऊन कुसुमने बसायचं आणि उठायचं, मग जोत्याच्या पायरीवर चढायचं आणि उतरायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी जड, मधल्या दिवशी नुसत्या उड्या, रविवारी काहीच नाही. उडीसाठी कोपर गावाच्या बाजूला ज्यांची जमीन होती त्या म्हात्रेबाबांनी तुम्हाला शेताच्या एका टोकाला खड्डा खणू दिला होता. एकदा पोतं घेऊन तिथेच गेलात तेव्हा बाबा बांधावर बसून ओरडले होते, "काय रं मास्तर, पोरीला बैल समजलास का? लग्नान नवरा पलून जाईल तिचा!" कुसुम पोत्याखालून म्हणाली, "बाबा, पळू दे की, मी पकडीन." ते म्हातारे इतके हसले की त्यांची विडी विझली.

आता खरी अडचण. ती आपल्या दोघांना कधी तोंडाने बोलता आली नाही. आज तुम्ही ऐकायला नाही म्हणून मी लिहायला धजते आहे. मुलगी मोठी झाली तसे महिन्याचे ते चार दिवस आले, आणि आपल्या घरात त्या चार दिवसांत बाजूला बसणं म्हणजे बाजूला बसणं. मागच्या ओट्यावर वेगळी सतरंजी, वेगळं तांब्या-भांडं, पत्रावळीत वरून वाढलेलं जेवण. शाळा नाही, खेळ नाही, कुणाला शिवायचं नाही. सासूबाईंपुढे तुमचे दादाही काही बोलत नसत, मग माझी काय कथा?

पहिल्यांदा हे झालं तेव्हा तुम्ही मंगळवारी सकाळी ऐटीत मागच्या दाराशी आलात. कुसुम सतरंजीवर बसलेली दिसली. तुम्ही जागच्या जागी वळलात, कानापर्यंत लाल झालात, आणि भिंतीला उद्देशून म्हणालात, "आज रेती ओली आहे." वैशाखातलं ऊन होतं, भाऊजी! पण मी म्हटलं, "हो, ओलीच आहे." त्यानंतर आपल्याकडे दर महिन्याला रेती ओली व्हायला लागली, आणि चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

हसण्याचं सोडा, पण तुमच्या वेळापत्रकाची वाट लागली होती. तुम्ही मोठे हिशेबी. बुडालेलं भरून काढलंच पाहिजे, हा तुमचा शाळामास्तरी खाक्या. पाचव्या दिवशी पोर न्हाऊन-माखून घरात यायची की तुम्ही पोतं घेऊन हजर. मंगळवारचं बुडालं ते आज, शुक्रवारचं बुडालं ते उद्या, आणि चालू आठवड्याचं परवा. सलग तीन दिवस पायांवर पोतं! चौथ्या दिवशी कुसुमला जेवायला मांडी घालून बसता येईना. पाय लांब करून जेवली म्हणून सासूबाईंनी तिला झापलं. खड्ड्यात उडी मारायला गेली तर आधीपेक्षा आखूड. तुम्ही म्हणालात, चार दिवस बसून पाय आळसावले आहेत, आणखी एक जड दिवस घालू.

मी तिची आई आहे. मला दिसत होतं ते वेगळंच होतं. पाचव्या दिवशी सकाळी, तुमचं पोतं यायच्या आधी, ही पोर न्हाणीघराच्या बाहेरची मोरी ओलांडायची ती अशी की पाऊल वाजायचं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, आज पोतं देऊ नका. आज आधी उडी मारायला न्या."

"वहिनी, बसून राहिलेला पाय उडी मारत नाही. त्याला आधी काम द्यावं लागतं."

"विरजण लावलं की भांडं हलवायचं नसतं, एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

"पाय म्हणजे दही नव्हे."

"बरं, मग एकदा माझ्या म्हणण्याप्रमाणे करून बघा. नाही लांब गेली तर महिनाभर तुमच्या पोत्याबद्दल चकार शब्द काढणार नाही."

मी महिनाभर गप्प बसेन या आशेने तुम्ही कबूल झालात. संध्याकाळी परत आलात ते चपला काढायचं विसरून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. कुसुम मागून नाचत आली आणि म्हणाली, "आई, काका खड्डा वाढवायचा म्हणतायत! मी पार पलीकडच्या काठावर पडले!" मी फक्त विचारलं, "भाऊजी, चहा घेणार का?" विजय साजरा करायला मला एवढं पुरत होतं.

तिथून तुम्ही वेळापत्रक उलटं केलंत. बुडालेलं भरून काढणं बंद. ते चार दिवस यायच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांत जड पोतं, मग सुट्टी, मग हलक्या पायांनी उड्या, आणि मग पुन्हा हळूहळू रेती वाढवायची. अंदाज घ्यायला तुम्ही पंचांग उघडून बसायचात. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "मास्तर, कुणाचं लग्न काढताय?" तुम्ही म्हणालात, "रेतीचं." आणि वर शाळेतल्या मास्तरांना सांगायचात, "माझी एक पद्धत आहे, तीन आठवडे जड आणि चौथा हलका." माझी पद्धत! मी शेवग्याच्या शेंगा सोलत आतून ऐकत होते.

मग ठाण्याच्या जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या. पहिल्या दोघींना प्रांताच्या स्पर्धेला पाठवणार होते, आणि तिथे नाव झालं तर पुढे शिकायला, नोकरीला सोय होईल असं तुम्ही म्हणत होतात. कुसुमने दुसरं काही मनातच धरलं नव्हतं. तुम्ही पंचांग बघून सगळं असं बसवलंत की सुट्टी संपून उडीला जायचं. आणि मैदानावर कुठल्याशा पुढाऱ्याची सभा ठरली म्हणून स्पर्धा पुढे गेल्या. नेमक्या आल्या त्या दिवसांत. स्पर्धेचा दिवस म्हणजे बाजूला बसण्याचा दुसरा दिवस.

आदल्या दिवशी कुसुम सतरंजीवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी सासूबाईंपाशी शब्द टाकून पाहिला. त्या म्हणाल्या, "दिवस मोडायचा नसतो, सूनबाई. माझा कधी मोडला नाही, तुझा मोडला नाही. स्पर्धा काय, पुढच्या वर्षी आहेतच." त्या रागाने बोलत नव्हत्या, म्हणूनच मला पुढे बोलता येईना. तुमचे दादा वर्तमानपत्रात शिरले होते. मला वाटलं, आता तुम्ही येणार, भिंतीला सांगणार की रेती ओली आहे, आणि संपलं.

तुम्ही आलात. सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसलात. आणि भाऊजी, तुम्ही भिंतीकडे पाहिलं नाहीत.

"आई, कुसुमचे दिवस चालू आहेत हे मला ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात. "तिला मी उद्या ठाण्याला नेतो. तिचा एक दिवस मोडेल तो मी भरून काढीन."

"तू काय भरून काढणार?"

"मी बसेन बाजूला. तिच्या शेजारी. तिच्या एका दिवसाच्या बदल्यात उरलेले सगळे दिवस बसेन. मला शिवू नको, वरून वाढ."

"अरे, पुरुषासारखा पुरुष तू, डोकं फिरलं का तुझं?"

"बुडालेलं भरून काढायची माझी पद्धतच आहे, आई. वहिनींना विचार."

मी पदरात तोंड लपवलं, कारण मला हसू येत होतं आणि रडूही. सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आल्यावर आंघोळ करून घरात यायचं नाही हां. बोललास तसं बस." त्यांना वाटलं तुम्ही माघार घ्याल.

ठाण्याला काय झालं ते तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं. पहिल्या उडीत फळीच्या पुढे पाय पडला, रद्द. दुसरी बेताची. तिसरीच्या आधी तुम्ही जवळ जाऊन म्हणालात, "म्हात्रेबाबांचा बांध आहे असं समज," आणि ती म्हणाली, "काका, तो तर मी झोपेत पण ओलांडीन." ती दुसरी आली. पहिल्या मुलीपेक्षा बोटभर कमी, पण तिच्या आयुष्यातली तोवरची सगळ्यांत लांब उडी. तुम्ही दोघं स्टेशनवरून धूळ उडवत आलात, समोरच्या दाराने न येता चाळीला वळसा घालून मागे गेलात आणि सतरंजीवर बसलात. दोघंही.

मग चाळ लोटली. ड्रिल मास्तर बाजूला बसलेत! बायका धुण्याचं निमित्त काढून येत होत्या, पुरुष खोकत खोकत चकरा मारत होते. तुम्ही सगळ्यांना, "या, पण शिवू नका हं," म्हणून हात वर करत होतात. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पत्रावळी टाकल्या तेव्हा चेहरा करडा होता. दुसऱ्या दिवशी तूप वाढताना हात जरा थांबला आणि मग धार जास्तच पडली. शेवटच्या दिवशी त्या दारात पाट घेऊन बसल्या आणि उडी मारताना हात कुठे ठेवायचे हे तुम्हाला विचारू लागल्या.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. ती उडी इतकी लांब कशी गेली? तुम्ही म्हणालात, आधीच्या आठवड्यातल्या जड पोत्यामुळे. मी म्हटलं, पोत्याला मिळालेल्या सुट्टीमुळे. कुसुम मॅट्रिक झाली, कल्याणच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायला लागली, पहिल्या पगारातून तिने तुम्हाला धोतरजोडी आणि मला पातळ आणलं, तरी आपलं चालूच. परवा आजारात पडल्या पडल्यादेखील तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, पोतं नसतं तर सुट्टी कशाची घेतली असती?" मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. तुम्ही बरे झाल्यावर देणार होते. ते आता माझ्यापाशीच राहिलं.

तुम्हाला बरं वाटेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. ताप उतरला होता. कुसुम मागच्या ओट्यावर होती, तिचे दिवस होते, म्हणून ती तुमच्या खोलीत येऊ शकत नव्हती. तुम्ही इथून ओरडायचात, ती तिथून. तिच्या शाळेतल्या मुलींचा खो-खोचा सामना होता आणि तुम्ही बजावत होतात, "आदल्या दिवशी पोरींच्या पायांना जड काही देऊ नकोस गं!" ती म्हणत होती, "काका, निजा आता, मला येतं ते." सकाळचा चहा तुम्ही घेतलात. कप खाली ठेवायला मी वळले, आणि परत पाहिलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

त्यानंतरचं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तेच सांगायला मी बसले आहे, बाकी सगळं तुम्हाला माहीतच होतं.

तुम्हाला खाली घेतलं. माणसं जमली. एकेक जण पुढे होऊन तोंडात पाणी घालत होतं. कुसुम मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली होती, चौकट धरून. आत पाऊल टाकत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटतं, खोलीतल्या सगळ्यांनीच सासूबाईंकडे पाहिलं. पोटचा मुलगा समोर निजलेला, त्या हातातल्या जपमाळेचा मणीही न ओढता बसल्या होत्या. मग भिंतीला धरून उठल्या. कोणी आधार द्यायला पुढे झालं त्याला बाजूला सारलं आणि एकट्या मागच्या दारापर्यंत गेल्या.

"चल," त्या म्हणाल्या.

"आजी, मी बाजूला आहे," कुसुम म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तो बसला होता ना तुझ्याजवळ? चल, पाणी घाल त्याला."

त्यांनी तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या मधून तिला तुमच्यापर्यंत आणलं. जाणत्या बायकांपैकी कुणीतरी काही पुटपुटलं, पण सासूबाईंनी मान वर केली नाही. कुसुमने तुमच्या तोंडात पाणी घातलं, तुमच्या कपाळावर हात ठेवला, आणि तुमच्या उशाशी बसली. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या. भाऊजी, तुम्हाला बाहेर नेईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.